गोळ्या घेऊनही रक्त का वाढत नाही?

"लोहाच्या गोळ्या न चुकता घेते, तरी हिमोग्लोबिन नऊच्या वर सरकत नाही. असं का?" गरोदर बाईसोबत तपासणीला आलेली आई किंवा सासू हा प्रश्न हमखास विचारते. त्यावरचं उत्तरही ठरलेलं असतं: नीट जेवत नसेल, नाहीतर गोळ्या घेत नसेल. पुष्कळदा ते खरं असतं. पण सगळ्याच वेळी नाही, आणि उरलेल्या वेळी बाईला बोलणी खावी लागतात आणि आजार तसाच राहतो. 'रक्त कमी आहे' एवढं म्हणून निदान पुरं होत नाही. ते का कमी आहे, हे शोधावं लागतं. त्या शोधात मलेरिया, म्हणजे सरकारी भाषेतला हिवताप, हे कारण तपासून बाजूला ठेवल्याशिवाय पुढे जाऊ नये, असं या प्रकरणाचं म्हणणं आहे. चिपळूण तालुक्यातल्या सावर्ड्यासारख्या गावातही, जिथे मलेरियाचे रुग्ण थोडे, तिथेही हे म्हणणं कसं लागू पडतं, ते टप्प्याटप्प्याने पाहू.

१. नऊ हा आकडा कशाचा?

हिमोग्लोबिन हे तांबड्या पेशींमधलं प्राणवायू वाहणारं द्रव्य. त्याच्या रेणूत लोह असतं. तपासणीच्या कागदावरचा आकडा सांगतो, की शंभर मिलिलिटर, म्हणजे एक डेसिलिटर रक्तात हे द्रव्य किती ग्रॅम आहे. हा आकडा प्रमाणाचा आहे, एकूण साठ्याचा नव्हे, आणि गरोदरपणात नेमका इथेच गोंधळ होतो. समजा, गरोदर नसताना एका बाईच्या अंगात चार लिटर, म्हणजे ४० डेसिलिटर रक्त आहे आणि हिमोग्लोबिन १२ आहे. एकूण साठा झाला ४८० ग्रॅम. दिवस गेल्यावर रक्तातला पातळ भाग, म्हणजे रक्तद्रव, झपाट्याने वाढतो. एकूण रक्त साडेपाच लिटरपर्यंत जातं. तांबड्या पेशीही वाढतात, पण तेवढ्या नाही. साठा पाव हिश्शाने वाढून ६०० ग्रॅम झाला, तर ६०० भागिले ५५, म्हणजे आकडा येतो १०.९. बाई धडधाकट आहे, साठा वाढलेला आहे, तरी आकडा उतरला. म्हणून गरोदर बाईसाठी सीमारेषा १२ ऐवजी ११ धरतात, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये मधल्या तीन महिन्यांसाठी ती १०.५ वर आणली.

आता दुसरी शक्यता घ्या. रक्तद्रव वाढला, पण नव्या पेशी बनवायला लोहच नव्हतं. साठा ४८० ग्रॅमवरच थांबला. ४८० भागिले ५५, म्हणजे ८.७. या बाईच्या अंगातून एक थेंबही रक्त गेलेलं नाही, तरी ती मध्यम रक्तक्षयाच्या गटात गेली. भारतात १० ते १०.९ हा सौम्य, ७ ते ९.९ हा मध्यम आणि ७ च्या खाली तीव्र रक्तक्षय मानतात. तीव्र रक्तक्षय असलेल्या बाईला प्रसूतीच्या वेळी नेहमीचा रक्तस्रावही झेपत नाही. तिच्या जिवाला धोका असतो तो तिथे.

२. एक ग्रॅम लोहाचा जमाखर्च

वरच्या उदाहरणात १२० ग्रॅम नवं हिमोग्लोबिन लागलं. एका ग्रॅमला साधारण ३.४ मिलिग्रॅम लोह लागतं, म्हणजे झाले चारशे मिलिग्रॅम. बाळ आणि वार यांचे सुमारे तीनशे. घाम, त्वचा, आतडी यांतून रोज जाणारं थोडंथोडं धरलं, की नऊ महिन्यांचा खर्च एक ग्रॅमच्या, म्हणजे हजार मिलिग्रॅमच्या आसपास जातो. सरकारी योजनेतल्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असतं. चौथ्या महिन्यापासून रोज एक, अशा किमान १८० गोळ्या घ्यायच्या. गोळीतलं लोह सगळं अंगी लागत नाही. दहा टक्के शोषलं गेलं असं धरलं, तर एका गोळीमागे ६ आणि १८० गोळ्यांमागे १०८० मिलिग्रॅम जमा होतात. हिशेब जेमतेम जुळतो, आणि तोही गोळी चहासोबत किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत घेतली नाही तर. दोन्हींमुळे लोहाचं शोषण घटतं. लिंबू, आवळा, मासे यांच्या जोडीने ते वाढतं.

खर्च जुळवायचा तो शिलकीच्या जोरावर, आणि शिल्लकच नसते ही आपल्याकडची जुनी अडचण. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५२.२ टक्के आणि महाराष्ट्रातल्या ४५.७ टक्के गरोदर स्त्रियांत रक्तक्षय आढळला. पाळी सुरू झाल्यापासून दर महिन्याला लोह जात असतं, भरपाई पुरी होत नाही, आणि मुलगी रिकाम्या खात्यानिशीच लग्न होऊन जाते. सावर्ड्याला लागून असलेल्या डेरवणच्या वालावलकर रुग्णालयाने रत्नागिरी जिल्ह्यातल्या १६ ते १८ वयाच्या मुलींचा दीर्घकाळ चालणारा अभ्यास हाती घेतला, तो याच विचाराने: आईचं आणि बाळाचं आरोग्य गरोदरपणाच्या बरंच आधी ठरू लागतं.

इथपर्यंतचा हिशेब फक्त लोहाचा झाला. पण जमा वाढवूनही शिल्लक वाढत नसेल, तर पैसा दुसरीकडे कुठे जातो किंवा कुठे अडकतो, हे पाहावं लागतं.

३. मुंबईच्या गिरण्यांनी दिलेला धडा

हे पाहण्याचं एक मोठं उदाहरण मुंबईत घडलं. १९२८ मध्ये ल्यूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. कापड गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायकांत एक जीवघेणा रक्तक्षय दिसत होता आणि त्याचं कारण कळत नव्हतं. गिरणगाव वसलं होतं ते बव्हंशी कोकणातून आणि घाटावरून आलेल्या माणसांवर, त्यात रत्नागिरीचा वाटा मोठा. विल्सबाईंनी या बायकांच्या रक्ताच्या काचपट्ट्या पाहिल्या, तेव्हा तांबड्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या दिसल्या. लोह कमी पडलं, तर पेशी लहान आणि फिकट होतात. म्हणजे कारण वेगळं होतं. त्यांनी जंतू शोधले, आहार तपासला, प्राण्यांवर प्रयोग केले आणि शेवटी यीस्टचा अर्क, बाजारात 'मार्माइट' नावाने मिळणारा स्वस्त पदार्थ, देऊन पाहिला. बायका बऱ्या झाल्या. १९३१ मध्ये हे काम ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आलं. अर्कात नेमकं काय होतं, ते पुढे उलगडलं: १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून वेगळं केलेलं फॉलिक आम्ल. आजच्या लोहाच्या गोळीत फॉलिक आम्ल असतं, त्यामागे मुंबईतलं हे काम आहे.

या कामातून शिकण्यासारखी गोष्ट जीवनसत्त्वापेक्षा मोठी आहे. बाहेरून पाहिलं, तर सगळ्याच रक्तक्षयी बायका सारख्या: ओठ फिके, जिना चढताना धाप, पायांवर सूज. आतलं कारण मात्र एकीचं लोह, दुसरीचं फॉलिक आम्ल, तिसरीचे आतड्यातले आकडीचे जंत, चौथीचा सिकल सेल, पाचवीचा मलेरिया. बहुतेक वेळा एकीतच दोन-तीन कारणं एकत्र असतात. कोकणातल्या दमट जमिनीत अनवाणी वावरणाऱ्यांना आकडीच्या जंतांची लागण होऊ शकते आणि ते आतड्यातून रोज रक्त पितात. म्हणूनच पहिले तीन महिने उलटल्यावर जंताची गोळी देतात. जंत हा खर्चाचा प्रकार समजायला सोपा आहे. मलेरियाचा तितका सोपा नाही.

४. मलेरिया रक्ताचं काय करतो?

मलेरियाचा परजीवी डासाच्या चावण्यातून येतो, आधी यकृतात वाढतो आणि मग तांबड्या पेशींत शिरतो. तिथे तो हिमोग्लोबिन खातो आणि सुमारे ४८ तासांत पेशी फोडून नव्या पेशींकडे वळतो. हे नुकसान डोळ्यांना दिसणारं आहे, पण एकूण तोट्यातला हा लहान भाग. प्लीहा खवळते आणि परजीवी नसलेल्या निरोगी पेशीही मोठ्या संख्येने मोडीत काढते. त्याच वेळी हाडांतल्या मगजात नव्या पेशी बनवण्याचं काम मंदावतं. खर्च वाढला आणि उत्पन्न घटलं, असं दोन्हीकडून होतं. व्हायवॅक्स जातीचा परजीवी तर मुख्यतः कोवळ्या, नुकत्याच बाहेर पडलेल्या पेशींतच शिरतो. त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली परजीवी थोडे दिसतात, तरी रक्त मात्र बरंच घटतं.

लोहाच्या गोळ्या का लागू पडत नाहीत, याचं उत्तर तिसऱ्या घटनेत आहे. फुटलेल्या पेशींतलं लोह शरीराबाहेर जात नाही, ते साठवणीच्या पेशींत जातं. एरवी तिथून ते पुन्हा वापरात येतं. पण संसर्ग झाला, की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक जास्त सोडतं. ते साठ्यातून लोह बाहेर पडू देत नाही आणि आतड्यातून नवं लोह आत येऊ देत नाही. शरीराच्या दृष्टीने हा शहाणपणाच आहे, कारण जंतूंनाही लोह लागतं. पण आईच्या खात्यात त्यामुळे रक्कम असूनही अडकून पडते. रोजची गोळी पोटात जाते, शौच काळं होतं आणि हिमोग्लोबिन हलत नाही. अशा बाईला 'तू गोळ्या घेत नाहीस' म्हणणं हा अन्याय आहे. आधी संसर्ग संपवावा लागतो. मग तीच गोळी लागू पडते. शिवाय तुटलेल्या पेशींची भरपाई करताना मगजाला फॉलिक आम्ल जादा लागतं, म्हणजे विल्सबाईंच्या रुग्णांचा अभाव इथेही डोकावू शकतो.

५. वारेतला मुक्काम

गरोदर बाईच्या बाबतीत मलेरिया आणखी एक जागा गाठतो: वार. वारेत आईचं रक्त संथपणे बाळाच्या बारीक रक्तवाहिन्यांभोवती फिरतं, त्यांतून बाळाला अन्न आणि प्राणवायू मिळतो. फाल्सिपेरम जातीचा परजीवी ज्या पेशीत असतो, तिच्या पृष्ठभागावर चिकट प्रथिनं उगवतात. वारेच्या पृष्ठभागावर कॉन्ड्रॉइटिन सल्फेट ए नावाचा एक पदार्थ असतो आणि परजीवीच्या काही वाणांची प्रथिनं नेमकी त्याला चिकटतात, हे मिशाल फ्रीड आणि पॅट्रिक डफी यांनी १९९६ मध्ये दाखवलं. चिकटलेल्या पेशींचा वारेत थर जमतो, तिथे सूज येते आणि बाळाला मिळणारा पुरवठा आखडतो. परिणामी बाळ अडीच किलोपेक्षा कमी वजनाचं होऊ शकतं, दिवस भरण्याआधी जन्मू शकतं किंवा पोटातच दगावू शकतं.

पहिलटकरणीला हा धोका सर्वांत जास्त असतो, कारण वारेला चिकटणारा हा वाण तिच्या शरीराने कधी पाहिलेलाच नसतो. जिथे मलेरिया बारमाही असतो, तिथे पुढच्या गरोदरपणांत प्रतिकारशक्ती तयार होते. गरोदर बाईकडे डासही जास्त येतात: गाम्बियातल्या २००० सालच्या अभ्यासात गरोदर स्त्रियांकडे इतरांच्या दुप्पट डास आकर्षित झाले. तिचा श्वासोच्छ्वास वाढलेला आणि अंग किंचित जास्त गरम, ही त्याची संभाव्य कारणं.

वारेतल्या या मुक्कामामुळे निदान अवघड होतं. बोटाला टोचून काढलेल्या रक्ताचे काचपट्टीवर दोन नमुने घेतात. एक जाड थेंब, ज्यात पुष्कळ रक्त एका जागी असल्याने थोडे परजीवीही सापडतात. दुसरा पातळ पसरलेला, ज्यात परजीवीची जात ओळखता येते. रंग देऊन, तेलाच्या भिंगाखाली एकामागून एक शंभर तरी दृश्यं तपासल्याशिवाय पट्टी 'निगेटिव्ह' म्हणू नये, असा दंडक आहे. पण परजीवी वारेत चिकटून बसले असतील, तर बोटाच्या रक्तात ते थोडेच असतात. पट्टी किंवा झटपट चाचणी एकदा निगेटिव्ह आली आणि ताप चालूच राहिला, तर ती पुन्हा करावी लागते ती याचसाठी.

६. "पण आमच्याकडे मलेरिया आहेच कुठे?"

हा आक्षेप रास्त आहे. महाराष्ट्रात मलेरियाचा सर्वांत मोठा भार गडचिरोलीवर आहे, मुंबईतही रुग्ण बरेच असतात, आणि त्या मानाने रत्नागिरीत फार थोडे. देशाने २०३० पर्यंत मलेरिया निर्मूलनाचं लक्ष्य ठेवलं आहे. मग जिथे आजार विरळ, तिथे त्याच्यामागे का लागायचं? एक तर विरळपणामुळे संरक्षण मिळत नाही, उलट जातं. ज्या बाईला मलेरिया कधी झालेलाच नाही, तिच्यात प्रतिकारशक्ती नसते. तिला तो झाला, तर पहिलं गरोदरपण असो की तिसरं, आजार जोराने उठतो. मध्य प्रदेशात जबलपूरच्या परिसरात नीरू सिंग आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात केलेल्या कामात मलेरिया झालेल्या गरोदर बायकांत रक्तक्षय जास्त आणि बाळांचं वजन कमी आढळलं. व्हायवॅक्स 'साधा' असतो ही समजूतही खरी नाही. थायलंड-म्यानमार सीमेवरच्या १९९९ च्या अभ्यासात व्हायवॅक्स झालेल्या मातांमध्ये रक्तक्षय वाढलेला आणि बाळांचं वजन सरासरी १०७ ग्रॅमने कमी होतं.

दुसरं, सावर्डे काही बेट नाही. मुंबई-गोवा महामार्ग गावातून जातो, कोकण रेल्वेचं स्टेशन आहे, आणि घरटी कोणीतरी मुंबईला आहे. मुंबईचा मलेरिया पसरवणारा अ‍ॅनॉफिलिस स्टिफेन्सी डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो: गच्चीवरच्या टाक्या, विहिरी, इमारतींच्या बांधकामावरचं तुंबलेलं पाणी. तिथे मलेरिया पावसाळ्यात वाढतो आणि त्याच दिवसांत चाकरमानी गणपतीला गावी येतात. त्याहून महत्त्वाची चाल बाळंतपणाची. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, या रीतीने मुंबईत नांदणारी मुलगी सातव्या-आठव्या महिन्यात गावी येते. ज्या गरोदरपणात धोका सर्वांत जास्त, त्याच गरोदरपणात ती मलेरियाच्या शहरातून मलेरिया विरळ असलेल्या गावात पोहोचते. व्हायवॅक्स तर यकृतात महिनोन्‌महिने झोपून राहू शकतो. मुंबई सोडून तीन महिने झाले, म्हणून तो नाही असं म्हणता येत नाही. जांभ्याच्या चिरेखाणींवर, रस्त्याच्या कामांवर, बागांत राबायला दूरवरून येणाऱ्या कुटुंबांतल्या गरोदर बायकांचीही हीच गत, आणि त्यांचं तपासणी कार्ड बहुधा दुसऱ्याच जिल्ह्यात राहिलेलं असतं.

तिसरं कारण डॉक्टरांच्या विचार करण्याशी निगडित आहे. कोकणात पावसाळ्यात ताप आला, की भातशेतीतला लेप्टो किंवा डेंग्यू आधी आठवतो. तो आठवायलाच हवा. पण त्या चाचण्यांच्या यादीतून मलेरियाची काचपट्टी गळता कामा नये. ती स्वस्त आहे, आणि मलेरियावर नेमकं औषध आहे.

७. लोहाची आणि औषधाची भीती

परजीवीलाही लोह हवं असतं, मग लोहाच्या गोळ्यांनी मलेरियाच पोसला जाईल का? ही शंका शास्त्रज्ञांनाही होती. झांझिबारच्या पेम्बा बेटावर लहान मुलांना लोह आणि फॉलिक आम्ल दिल्यावर आजार आणि मृत्यू वाढल्याचं दिसलं आणि २००६ मध्ये ते प्रसिद्ध झालं. गरोदर स्त्रियांबाबत उत्तर केनियातून आलं. तिथे ४७० गरोदर स्त्रियांपैकी निम्म्यांना ६० मिलिग्रॅम लोह आणि निम्म्यांना तशीच दिसणारी बिनलोहाची गोळी दिली. २०१५ मध्ये आलेल्या निष्कर्षांत दोन्ही गटांत प्रसूतीच्या वेळचा मलेरिया सारखाच होता, आणि लोह घेतलेल्या मातांची बाळं सरासरी दीडशे ग्रॅमने जास्त वजनाची होती. म्हणजे गरोदर बाईचं लोह मलेरियाच्या भीतीने थांबवायचं नाही. मलेरिया शोधून त्याचा इलाज करायचा आणि लोह चालू ठेवायचं.

औषधांची भीती मात्र थोडी नीट वाटून घ्यायला हवी. व्हायवॅक्सवरचं क्लोरोक्विन गरोदरपणात दिलं जातं आणि ते सुरक्षित मानतात. फाल्सिपेरमसाठी आर्टेमिसिनिनवर आधारित जोडऔषधं दुसऱ्या आणि तिसऱ्या तिमाहीत वापरतात. त्यांतलं आर्टेमेथर-ल्युमेफँट्रिन पहिल्या तिमाहीतही वापरावं, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये केली. प्रायमाक्विन मात्र गरोदर बाईला देत नाहीत, कारण बाळात जी-६-पीडी या विकराची उणीव असेल, तर त्याच्या रक्तपेशी फुटू शकतात. आणखी एक बारकावा: सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन हे औषध परजीवीच्या फॉलिक आम्लाच्या कारभारावर घाला घालतं. त्याच्या जोडीला ५ मिलिग्रॅमची फॉलिक आम्लाची मोठी गोळी घेतली, तर औषध लंगडं पडतं. सरकारी गोळीतलं अर्धा मिलिग्रॅम चालतं. घरातल्या डब्यात दोन्ही गोळ्या असतील, तर हे डॉक्टरांना दाखवणं बरं.

८. मग करायचं काय?

वरच्या सगळ्या विवेचनातून जे करायचं ते साधंच निघतं. पहिल्या तपासणीत, आणि माहेरी आल्यावर पुन्हा, हिमोग्लोबिनसोबत दोन प्रश्न विचारले जावेत: गेल्या काही महिन्यांत कुठे राहिलात, आणि थंडी वाजून ताप आला होता का? ताप असेल, तर त्याच दिवशी मलेरियाची चाचणी. ताप नसेल, पण गोळ्या नियमित घेऊनही महिन्याभरात आकडा हललाच नाही, तर गोळी कशासोबत घेते हे आधी विचारावं, आणि मग पेशींचा आकार, जंत, सिकल सेल आणि मलेरिया हे क्रमाने पाहावं. ही तपासणी दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत होणाऱ्या प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानातही मागता येते. गावातल्या आशाताईंना माहेरी आलेल्या मुलीची खबर पहिल्या आठवड्यात लागते, आणि या कामात तीच खबर सर्वांत मोलाची. मच्छरदाणी बाळंतिणीच्या खोलीत लावायची पद्धत आहे. ती, कीटकनाशक लावलेली, गरोदरपणापासूनच लावावी, कारण अ‍ॅनॉफिलिस रात्री चावतो.

प्रसूती झाली, की हे खातं बंद झालं असं समजू नये. लोहाच्या गोळ्या पुढेही १८० दिवस चालू ठेवायच्या असतात, कारण प्रसूतीत गेलेलं रक्त आणि रिकामा झालेला साठा दोन्ही भरून काढायचे असतात. गरोदरपणात व्हायवॅक्स झालेल्या बाईचं एक देणं तर हमखास विसरलं जातं: यकृतात झोपलेला परजीवी मारणारं प्रायमाक्विन तिला तेव्हा दिलेलं नसतं. जी-६-पीडीची चाचणी करून, बाळ अंगावर पीत असेल तर त्याचाही विचार करून, ते कधी द्यायचं हे डॉक्टरांकडून ठरवून घ्यावं आणि कार्डावर लिहून घ्यावं. ते राहून गेलं, तर तोच परजीवी काही महिन्यांनी पुन्हा उठतो आणि पुढचं गरोदरपण पुन्हा रिकाम्या खात्याने सुरू होतं.